काकांच्या वाटणीची चूक

औषधाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, मधे एक दार, आणि त्या दाराला कडी नव्हती. एवढ्या पसाऱ्याला कारखाना म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं. पण तिथली माणसं त्याला कारखानाच म्हणायची, आणि खालचा औषधवाला गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचा, "वर दात बनतात."

दात म्हणजे कवळ्या. अलीकडच्या खोलीत प्लास्टरचं काम चाले आणि तिथे काकांचं राज्य होतं. एक दगडी ओटा, एक नळ, रबरी वाडगी, पसरट सुरी आणि सारखं थरथरणारं एक छोटं यंत्र, एवढंच ते राज्य. दातांच्या दवाखान्यांतून डब्यांमधून मापं यायची, म्हणजे मऊ रबरासारख्या लगद्यात उमटलेले लोकांच्या तोंडाचे ठसे. काका त्या ठशात पातळ प्लास्टर ओतायचे आणि ठसा यंत्रावर धरायचे. थरथरीनं आतले बुडबुडे वर येऊन फुटायचे. प्लास्टर घट्ट झालं की ठसा सोडवायचा, आणि हातात उरायचा कुणा अनोळखी माणसाच्या तोंडाचा पांढराशुभ्र साचा. पुढचं सगळं त्या साच्यावर. एखादा बुडबुडा आत राहिला तर साच्यात बारीकसा खड्डा पडतो, आणि साच्यात खड्डा पडला की कवळीला तिथे पुळी येते. मोहरीएवढी, गोल. बघायला काहीच नाही, पण हिरडीवर टेकली की माणसाला घास नकोसा होतो.

पलीकडच्या खोलीत तिघं. ताई साच्यावर मेण चढवून त्यात एकेक दात बसवायची. तिच्यानंतर आचारी. तो काही खरा आचारी नव्हे. मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा आणि गरम पाण्याच्या भांड्यात शिजवायचा, म्हणून आचारी. "आज काय बेत?" असं त्याला कुणीतरी रोज विचारायचं, आणि तोही रोज तितक्याच गंभीरपणे सांगायचा, "हिरड्या." शेवटचा हात भोंग्याचा. तो कवळी घासून गुळगुळीत करायचा. मोटारीच्या आवाजावर बोलायची सवय लागल्यामुळे मोटार बंद असली तरी तो त्याच पट्टीत बोलायचा. एकदा त्यानं ताईच्या कानात एक गुपित सांगितलं, तर खालच्या औषधवाल्यानं जिन्यातून वर येऊन विचारलं होतं, "मग पुढे काय झालं?"

या सगळ्यांवर बाई. वडिलांमागे त्यांनी हा कारखाना सांभाळला होता, आणि काका हे वडिलांच्या वेळेपासूनचे.

काका मुळात फार बुजरे. बसमध्ये आपला थांबा आला तरी 'थांबवा' म्हणायला त्यांची जीभ उचलायची नाही. मग ते एक थांबा पुढे उतरून निमूट चालत मागे यायचे. बायको म्हणायची, "अहो, तुमचं नशीब की घर एकाच थांब्याच्या अंतरावर राहतं. नाहीतर तुम्ही परगावीच उतरला असता." अशा माणसानं एका जागेची रीत बदलली असेल, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. काकांना तर नाहीच नाही.

पण झालं होतं खरं तसं. फार पूर्वी, बाईंच्या वडिलांच्या काळात, कवळी परत आली की कारखान्यात वादळ उठायचं. टोचते, हलते, आवळते अशी काहीतरी तक्रार घेऊन डबा यायचा आणि प्रत्येक जण कानांवर हात ठेवायचा. "माझं नाही, मेणवाल्याला विचारा." "माझं कसं असेल? साचाच वाकडा." डबा या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा, शब्दाला शब्द वाढायचा, जुनी उणीदुणी निघायची आणि शेवटी ज्याचा आवाज लहान त्याच्या डोक्यावर खापर फुटायचं. एक दिवस कवळी घेऊन एक आजीबाई स्वतःच आल्या. दवाखाना बंद होता, आणि घरी पाहुणे जेवायला यायचे होते. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर तोंडाला रुमाल लावून बसल्या, आणि आत नेहमीचं सुरू झालं. एक जण म्हणाला माझं नाही, दुसरा म्हणाला माझं तर नाहीच. बराच वेळ गेला. आजीबाई रुमालाआडून म्हणाल्या, "बाबांनो, कुणाचंही असू दे. मला हसायचंय आज."

भांडण ऐकलं की काकांच्या पोटात गोळा यायचा. न्याय करायचा, काही सुधारायचं, असं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. त्यांना फक्त तो आवाज थांबायला हवा होता. त्यांनी गर्दीतून हात घालून कवळी उचलली आणि म्हणाले, "माझ्यापासून सुरू करू." मग ती उलटी करून खिडकीपाशी नेली, साच्याच्या बाजूनं काही चुकलंय का ते बोट फिरवून पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "इथे माझं एक आहे. बाकी ठीक." बुडबुड्याची पुळी होती. ती घासायला किती वेळ लागणार? आजीबाई हसतच जिना उतरल्या.

पुढच्या डब्याच्या वेळी काकांनी पुन्हा तेच केलं, कारण गोळा पुन्हा आला होता. त्याच्या पुढच्या वेळीही. आपलं बघून झालं की ते कवळी न बोलता पुढच्या माणसापुढे ठेवायचे. समोरचा माणूस स्वतःचं बघून मोकळा झाला की 'तुझंच आहे' असं कुणावर ओरडायचं? हळूहळू ओरडणं गळून पडलं. परतीचा डबा आला की मधल्या टेबलावर ठेवायचा, काकांनी "माझ्यापासून सुरू करू" म्हणायचं आणि मग ज्यानं त्यानं आपल्या हातचं काय चुकलं ते शोधायचं. दुसऱ्याच्या कामाकडे बोट करायचं नाही. हा नियम कुणी केला नाही आणि कुणी बोलूनही दाखवला नाही.

ताई आली ती दुसऱ्या एका कारखान्यातून, आणि आली ती धसका घेऊनच. पहिला परतीचा डबा टेबलावर ठेवला तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "माझं नाही हे."

"अजून डबा उघडलासुद्धा नाही गं," काका म्हणाले. "आधी चहा घे. तुझी पाळी माझ्यानंतर."

त्या दिवशी चूक तिचीच निघाली. एक दाढ तिरकी बसली होती. ती मान खाली घालून वाट पाहत राहिली, आता कोण काय बोलतंय. भोंगा म्हणाला, "चला, ताईंचा नंबर लागला. आज चहा ताईंचा." ताई नंतर कितीदा तरी सांगायची की त्या दिवशी तिनं घरी जाऊन आईला पहिल्यांदा म्हटलं, "मी इथे टिकेन बहुतेक."

अशी कितीतरी वर्षं गेली. मधल्या काळात कारखान्याचं नाव झालं, दवाखाने वाढले. बाईंना कुणी विचारलं, तुमच्याकडची माणसं सोडून कशी जात नाहीत, तर त्या मधल्या टेबलाकडे बघून नुसत्या हसायच्या.

आता खरी गोष्ट.

एके दिवशी काकांच्या लक्षात आलं की बरेच महिने झाले, आपली एकही चूक निघालेली नाही. परतीचे डबे येत होते. ते सवयीनं आधी बोट फिरवायचे. हल्ली बोटांवर प्लास्टरचा इतका राप चढला होता की बारीकसारीक नीट कळायचं नाही, तेव्हा ते म्हणायचे, "माझ्याकडे काही दिसत नाही बुवा," आणि पुढे चूक ताईची निघायची, आचाऱ्याची निघायची, भोंग्याची तर हटकून निघायची. काकांची नाही. पहिल्यांदा त्यांना जरा गुदगुल्या झाल्या. घरी त्यांनी भीत भीत विषय काढला.

"अगं, कित्येक महिन्यांत माझ्या हातून चूक म्हणून झाली नाही."

"तुमच्या?" बायको म्हणाली. "काल दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेलात."

"दोन्ही काळ्याच होत्या."

"एकीला बक्कल होतं हो."

चपलेचं ते बक्कल मात्र काकांच्या मनात रुतून बसलं. आणखीही काही होतं. पांढऱ्यावर पांढरं त्यांना पूर्वीसारखं दिसत नव्हतं. साचा खिडकीपाशी कितीही फिरवला तरी सगळं गुळगुळीतच वाटायचं. शिवाय त्यांचं एक लहान रबरी वाडगं हरवलं होतं. ओट्याखाली, नळामागे, सगळीकडे शोधून झालं. 'वय झालं,' असं म्हणून त्यांनी नाद सोडला.

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, आणि तीही जुनी. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. शेवटी शेवटी वडिलांचा हात कापायला लागला. लोक भिडेचे. घड्याळ आणून द्यायचे, 'झालं' म्हटलं की तोंडभर कौतुक करून घेऊन जायचे, आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात देऊन पुन्हा दुरुस्त करून घ्यायचे. वडिलांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकांना कळत होतं, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या लोकांचा त्यांना राग आला नाही कधी, चांगलीच माणसं होती ती. पण वडील मात्र रोज दुकान उघडून टेबल पुसत राहिले. आपलं तसं होऊ नये. काम जमतंय तोवर करावं, जमेनासं झालं की कुणीतरी सांगावं आणि आपण उठावं. पण सांगणार कोण? त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलं होतं की दुसऱ्याच्या कामाकडे बोट करायचं नाही.

त्याच सुमारास काकांच्या मागच्या दाढा गेल्या. समोरचे दात शाबूत होते, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. उभा जन्म लोकांच्या तोंडांचे साचे ओतले आणि स्वतःचं तोंड रिकामं झालं, हे कारखान्यात सांगायची त्यांना लाज वाटली. ते गुपचूप दवाखान्यात जाऊन माप देऊन आले. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच कारखान्यात जाईल हे." काका म्हणाले, "जाऊ दे. डब्यावर नुसता नंबर टाका."

दुसऱ्या दिवशी डबा आला. ठशात त्यांचाच पुढचा वाकडा दात उमटला होता. काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्या दिवशी प्लास्टर असं कालवलं, जसं पहिल्या दिवशी थोरल्या मालकांसमोर कालवलं होतं. थोडं थोडं ओतलं. यंत्रावर नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. साचा निघाल्यावर खिडकीत नेऊन वरून, खालून, तिरपा करून पाहिला. त्यांना तो नितळ वाटला. 'एवढा चांगला साचा कित्येक दिवसांत ओतला नसेल,' असं त्यांना मनापासून वाटलं, आणि त्यांनी तो ताईच्या टेबलावर ठेवला.

पुढचे काही दिवस त्यांना मोठे गमतीचे गेले. पलीकडे भांड्यात पाणी उकळायला लागलं की काकांच्या मनात यायचं, आपलं तोंड शिजतंय. भोंग्याची मोटार सुरू झाली की ते नकळत जबडा आवळून धरायचे.

कवळी आली, बसली आणि छानच बसली. संध्याकाळी बायकोनं सफरचंद कापून दिलं. काकांनी पहिली फोड दाढेखाली घेतली, चावली आणि थांबले.

"काय झालं?"

"काही नाही."

जीभ मात्र जाऊन पोचली होती. डाव्या बाजूला, टाळूच्या कडेला. गोल, मोहरीएवढी. कवळी टोचायची शंभर कारणं असतात, पण अशी गोल पुळी फक्त एकाच गोष्टीनं येते. बोटांना जे कळत नव्हतं ते जिभेनं एका क्षणात सांगितलं होतं. आयुष्यातला सगळ्यात जपून ओतलेला साचा, आणि त्यातही बुडबुडा. मग बाकीच्या साच्यांचं काय? आणि त्यांतल्या चुका गेल्या कुठे?

काका दवाखान्यात गेले. "टोचते. परत पाठवा."

"अहो, तुम्हीच घासून घ्या ना दोन मिनिटांत. तुमचाच तर उद्योग."

"नाही. डब्यात घालून, रीतसर पाठवा."

डबा आला. मधल्या टेबलावर ठेवला. सगळे जमले. बाई दारात उभ्या राहून चहा पीत होत्या.

"माझ्यापासून सुरू करू," काका म्हणाले. त्यांनी कवळी उलटी केली, बोट फिरवलं. बोटाला आजही काही कळलं नाही, पण जागा ठाऊक होती. "माझ्याकडे काही दिसत नाही बुवा. तुम्ही बघा."

ताईनं कवळी घेतली. तिचं बोट कडेनं फिरत आलं आणि एका जागी थांबलं. पापणी लवेपर्यंतच. मग पुढे गेलं. "दाढा उंच बसल्यात जरा. माझंच आहे."

"आणा इकडे," आचारी म्हणाला. त्याचंही बोट तिथेच अडलं. "छे, दाढा बऱ्या आहेत. मसाला नीट शिजलेला नाही. घाई केली मी."

"तुमचं दोघांचं काही नाही," भोंग्यानं कवळी ओढून घेतली. त्याचा अंगठाही त्याच जागेवर टेकला. "घासायचा कंटाळा केला मी परवा. लिहून घ्या माझ्या नावावर. चहा माझा."

"तुझा चहा म्हणजे पाणीच," ताई म्हणाली. सगळे हसले. काका हसले नाहीत.

"तिघांचीही बोटं एकाच जागी थांबली," ते म्हणाले.

त्यांनी भोंग्याच्या हातातून कवळी घेतली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"तिथे काय आहे?"

ताई टेबलाकडे बघत राहिली. आचारी उगीचच हात पुसायला लागला. शेवटी भोंगा बोलला, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागला. "बुडबुड्याची पुळी आहे, काका."

"कधीपासून चाललंय हे?"

"अहो, एखाददुसरी तर असते," आचारी म्हणाला. "भोंगा घासून टाकतो. कुणाला कळत पण नाही."

"मला कळलं. ही कवळी माझ्या तोंडातली आहे." आणि त्या बुजऱ्या माणसानं सगळ्यांसमोर ती कवळी तोंडात घालून दाखवली, आ करून, आणि पुन्हा काढून टेबलावर ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला माहीत होतं," ताई हळूच म्हणाली.

"काय?"

"तुमचीच आहे ते. पुढचा वाकडा दात रोज चहाच्या वेळी दिसतो की. साच्यात खड्डे होते बारीक बारीक. तुमचं तोंड म्हणून जास्तच जपून बुजवले मी. एवढा एक राहून गेला."

"बुजवले? तू? मेणाच्या टेबलावर प्लास्टर कुठून आलं?"

ताईनं खण उघडला. आत काकांचं हरवलेलं वाडगं होतं. काठाला वाळलेलं पांढरं प्लास्टर.

काकांनी वाडगं हातात घेतलं. काठावरचं प्लास्टर नखानं खरवडून पाहिलं. "रोज बुजवतेस?"

"जेवणाच्या सुट्टीत. तुम्ही डबा खायला खाली जाता तेव्हा."

"माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे," काका म्हणाले, आणि पुढची सगळी गोष्ट सांगितली. ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. "तुम्ही माझ्यावर माया केलीत. ते मला कळतंय, मी आंधळा असलो तरी. पण इथे प्रत्येकाला आपापली चूक मिळते. मला मिळेनाशी झाली. ज्याची चूक काढत नाहीत ना, तो माणूस कामावर नसतोच. त्याला नुसतं खुर्चीवर बसवलेलं असतं. माझ्या वाटणीचं मला द्या."

एवढं बोलून ते अलीकडच्या खोलीत गेले. दाराला कडी नव्हती, म्हणून नुसतं लोटून घेतलं.

थोड्या वेळानं बाई आत आल्या. ओट्याच्या कडेला टेकल्या. त्यांच्या काळ्या कपड्यांना पांढरं लागलं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"रागावलात?"

"रागवायला जमत नाही मला, बाई. शिकायचंच राहिलं." काका यंत्रावरची धूळ पुसत होते. "मी आता थांबावं म्हणतो."

"थांबायचं की नाही ते नंतर बघू. आधी माझ्यापासून सुरू करू." बाईंनी चष्मा काढला. "मला सगळं दिसत होतं. ताईचा खण मी पाहिला होता. मी मालकीण, बोलायचं माझं काम होतं, आणि मी तोंड मिटून बसले. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही एक शब्द न बोलता निघून जाल. आणि तुम्ही गेलात की ते मधलं टेबल पुन्हा पहिल्यासारखं होईल. मी लहान असताना जिन्यात बसून ऐकायचे ती भांडणं. बाबा घरी यायचे ते तसेच, तोंड वाकडं करून. पुढे एकदम यायला लागले शीळ वाजवत. आई म्हणायची, कारखान्यात काय झालं कुणास ठाऊक. तुमच्यामुळे झालं होतं, काका. म्हणून मी पांघरूण घातलं. तेवढी चूक माझी."

आपण पोटातला गोळा घालवायला केलेली गोष्ट कुणाच्या घरी शीळ होऊन पोचली असेल, हे काकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दार ढकलून ताई आली. तिच्या हातात तिचं भिंग होतं, दात बसवताना डोळ्याशी धरायचं. मागे आचारी आणि भोंगा दारातच घुटमळत होते.

"दुसरा नंबर माझा," ताई म्हणाली. "काका, मी पहिल्या दिवशी डबा उघडायच्या आत 'माझं नाही' म्हणाले होते. तुम्ही मला माझी चूक दिलीत आणि वर चहा दिलात. तुमची देताना मात्र माझी जीभ उचलली नाही. वाटलं, ही चूक तुम्हाला दिली तर तुम्हालाच घालवून बसू."

"बरं," काका म्हणाले. "तुझ्या जेवणाच्या सुट्ट्या खाल्ल्या मी इतक्या. त्या कशा परत देऊ?"

"त्याचं बघू. हे भिंग इथे टांगून ठेवते, खिडकीला. साचा सोडवलात की मला हाक मारायची. मी बघेन. खड्डा दिसला तर बुजवायचा तुम्ही."

"मी हाक मारायची?" हे काकांना सगळ्यात अवघड वाटलं.

"तुमचा आवाज पोचला नाही तर मी मारीन," भोंगा दारातून म्हणाला. तो पुन्हा आपल्या पट्टीत आला होता.

दुसऱ्या दिवशी पहिला साचा तयार झाला. काका दाराशी गेले, परत ओट्याशी आले, पुन्हा दाराशी गेले. "ताई," ते म्हणाले, इतक्या हळू की भोंग्याला खरंच ओरडावं लागलं. ताई आली. भिंग धरून साचा उजेडात फिरवू लागली. पलीकडची मोटार बंद झाली होती. आचाऱ्यानं भांड्याखालची आच बारीक केली असावी, कारण पाण्याचा आवाजही थांबला.

ताईनं एका जागी नख टेकवलं. मग मान वर न करता तिनं साचा काकांच्या तळहातावर ठेवला.

"काका, हे तुमचं."

काकांनी नख होतं तिथे बोट ठेवलं, भिंगातून बघितलं. होता, सुईच्या टोकाएवढा. त्यांनी जुन्या वाडग्यात चिमूटभर प्लास्टर कालवलं, सुरीच्या टोकानं तो खड्डा भरला आणि फुंकर घातली. "आभारी आहे गं," ते म्हणाले. अशा गोष्टीबद्दल कुणी आभार मानतं का, असं वाटून त्यांना लगेच लाजही वाटली.

"काकांची चूक निघाली," भोंग्यानं जाहीर केलं. "आज चहा काकांचा."

खालून औषधवाल्याचा आवाज आला, "काकांचं काय निघालं?"

त्या दिवशीचा चहा खरोखरच काकांचा झाला, आणि औषधवाल्यालाही मिळाला. परतीची ती कवळी भोंग्यानं घासून दिली, फडक्यात गुंडाळून, एखादं बक्षीस द्यावं तशी.

संध्याकाळी काका बसनं घरी निघाले. थांबा आला, त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि नेहमीप्रमाणे एक थांबा पुढे उतरले. मागे चालत येताना त्यांना वडिलांच्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. चांगली माणसं होती ती. पण त्यांच्यात एकही ताई नव्हती. तेवढं नशीब आपल्या वाट्याला जास्तीचं आलं, असं त्यांना वाटलं, आणि पायांतल्या चपलांकडे बघण्यासाठी ते दिव्याखाली क्षणभर थांबले.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती सफरचंद कापत ऐकत होती.

"म्हणजे भिंग लावून काम करायचं आता. आणि असं किती दिवस जाणार कामावर?"

"जमतंय तोवर."

"ते तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला चपला कळत नाहीत."

"मला नाही कळायचं," काकांनी फोड उचलली. "ते सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

काकांनी फोड डाव्या दाढेखाली घेतली आणि सावकाश चावली. कुठेही काही टोचलं नाही.

"सांगतील," ते म्हणाले.